मागच्या दारानं कोणी येत नाही

अश्वजितनं पडद्यावर बोट टेकवलं आणि घराची मागची भिंत सलग झाली. क्षणभर आधी तिथे दारासाठी सोडलेली जागा होती. ती दोन्ही बाजूंनी सरकत आली आणि मिटली, एखाद्या बाईच्या तोंडावर कोणी हात दाबून धरावा तशी. मी चहाचा कप घेऊन त्याच्या खुर्चीमागे उभी होते. चहा बशीत सांडला, बशीतून बोटांवर आला, आणि भाजलं हे मला बऱ्याच वेळानं कळलं. सकाळचं ऊन टेबलावर पडलं होतं. खाली रस्त्यावरून कोळशाचे ट्रक चालले होते आणि आमच्या चौथ्या मजल्यावरच्या काचा नेहमीसारख्या थरथरत होत्या. काहीच झालं नव्हतं. लॅपटॉपमधल्या एका घराचं मागचं दार गेलं होतं, एवढंच.

अश्वजित माझा नातू. मुलगा आणि सून नागपूरला असतात. हा शिकून आर्किटेक्ट झाला आणि कामासाठी चंद्रपूरला माझ्याजवळ येऊन राहिला. जे घर तो पडद्यावर पाहत होता ते माझ्याच माहेरच्या माणसांसाठी होतं. आमचं गाव खैरटोला सिंदेवाहीच्या पलीकडे, पार जंगलात. वाघ वाढले, मोहफुलं वेचायला गेलेली माणसं परत येईनाशी झाली, म्हणून अख्खं गाव उठवून सडकेच्या कडेला मोकळ्या जागेवर बसवायचं ठरलं. घरांचे प्लॅन करायचं काम अश्वजितला मिळालं. तो घर हातानं काढत नाही. जागा केवढी, ऊन कुठून, वारा कुठून, विटा किती, घरात माणसं किती, हे तो मशीनला सांगतो आणि मशीन एका दमात शेकडो घरं काढतं. त्यातली बरी निवडून त्यांच्या जोड्या लावतं, त्यांना पिल्लं होतात, आणि उरलेली मारून टाकतं. मारून टाकतं, हा त्याचाच शब्द. मी कधीकधी त्याच्या मागे बसून पाहते. पडदाभर इवलीइवली घरं उगवतात, लाल होतात, नाहीशी होतात. कोणी ओरडत नाही. शेवटी एक उरतं. त्या दिवशी जे उरलं त्याला मागचं दार नव्हतं.

मी विचारलं तेव्हा त्यानं खुर्ची वळवून मला नीट समजावून सांगितलं. तसा तो फार गुणी मुलगा आहे, मला कधी अडाणी समजत नाही. कॉलेजची पोरंपोरी गावात जाऊन राहिली होती, घरोघर विचारून आली होती. मागचं दार घरच्यांना कशाला लागतं? पाणी, भांडी, सरपण, न्हाणी. ते सगळं नव्या घरात आतच आणलं होतं. मग राहिलं एवढंच, की मागच्या दारानं बाहेरचं कोणी येतं का. प्रत्येक घरातल्या बायांनी एकच उत्तर दिलं होतं. मागच्या दारानं कोणी येत नाही. तो म्हणाला, असं एकमत त्यानं कुठल्याच सर्व्हेत पाहिलं नव्हतं. खोटं बोलली असती माणसं तर दहा तऱ्हेची बोलली असती. मशीननं त्या दाराचा वापर शून्य धरला आणि दार काढून तिथे धान्याची कोठी बसवली.

मागच्या दारानं कोणी येत नाही. ते वाक्य मी किती वर्षांनी ऐकत होते. कानांनी नव्हे, मी ते पाठीनं ऐकलं. आमच्या घराच्या मागे सांदवाडी होती. वांगी, वालाचा मांडव, कोपऱ्यात पपई. सांदवाडीला लागून शेजारच्या सोमारीची सांदवाडी, मध्ये काट्यांचं कुंपण आणि त्यात एक माणूस वाकून जाईल एवढी वाट. खैरटोल्यात सगळ्या घरांच्या मागे अशीच वाट होती, या घरातून त्या घरात, टोल्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. पुढच्या दारात जातपात होती. आमच्या ओसरीत कुणब्याची बाई पाणी प्यायची नाही, आणि आम्ही तिच्या उंबऱ्याच्या आत पाय टाकायचा नाही. मागच्या दारात जातपात नव्हती. कुठल्याही घरची बाई कुठल्याही घरात मागच्या दारानं शिरली की तिला काही विचारायचं नाही. तिच्या तोंडाकडे बघायचं नाही. चुलीजवळ जागा द्यायची, पाण्याचा लोटा ठेवायचा आणि आपलं काम करत राहायचं. तिचा माणूस पुढच्या दारात येऊन विचारू लागला तर सांगायचं की इथे कोणी आलं नाही. खोटं बोलायचं म्हणून नव्हे. मागच्या दारानं आलेली बाई खरोखरच आलेली नसते, असं आम्ही धरून चालायचो. मी सात-आठ वर्षांची असताना आमच्या चुलीजवळ पाटलाची थोरली सून बसलेली मी पाहिली होती. तिच्या कानातून रक्त येत होतं आणि ते खांद्यावर सुकत होतं. आई भाकरी थापत होती. मी आईला म्हटलं, ही पाहा. आई म्हणाली, कोण? आणि मला एकाएकी वाटलं, तिथे कोणी नाहीच. भिंतीला रक्त आलं आहे.

आता त्या शहरातल्या पोरापोरींनी वही घेऊन ओसरीत बसून विचारलं तर बाया दुसरं काय सांगणार? शेजारी नवरा खाटेवर बसलेला. आणि नसता बसला तरी.

"दार राहू दे रे," मी म्हटलं.

"काऊन?"

"असावं."

तो हसला. "आजी, 'असावं' हे मशीनमंदी टाकता येत नाई. कारण सांग, मी टाकतो."

मी कारणं शोधली. म्हटलं, शेळ्या कुठून नेतील? त्यानं शेळ्यांचा गोठा बाजूला काढलेला दाखवला. म्हटलं, धूर कोंडेल. त्यानं वरचे झरोके दाखवले. वारा निळ्या रेघांनी आत येत होता, छताला लागून बाहेर जात होता. म्हटलं, आग लागली तर? तो थांबला. त्यानं हे कारण खरंच मशीनला दिलं. मशीननं न्हाणीची खिडकी मोठी केली, गज काढून टाकले, आणि मागची भिंत तशीच ठेवली. माझं प्रत्येक खोटं कारण ते मशीन दाराशिवाय पूर्ण करत होतं. दार मारायला त्याला सोपं जात होतं, कारण खरं कारण मी त्याच्या हातात देत नव्हते.

खरं सांगितलं असतं तर? अश्वजितनं ते मनावर घेतलं असतं, हे मला माहीत होतं. त्यानं ते टाकलं असतं, दार परत आलं असतं, आणि शेजारी छोट्या अक्षरांत त्याचं कारण आलं असतं. मग तो कागद ग्रामसभेत वाचला गेला असता. पुढच्या रांगेत मिथुन बसला असता, माझ्या भाचीचा, सरिताचा नवरा. पुरुषांना मागच्या दाराचं ठाऊक असतं आणि नसतंही. तोंडानं एकदा उच्चारलं की ते फक्त ठाऊक असतं. मग कोणी त्या दाराला खाट लावतो, कोणी कुलूप लावतो, कोणी तिथेच वाट बघत उभा राहतो. माझ्या मनात दोन्ही बाजूंनी काहीतरी सरकत होतं. सांगितलं तर दार असूनसुद्धा जाणार. नाही सांगितलं तर नसणारच. सरिता होळीला माझ्याकडे आली होती तेव्हा तिचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. मी विचारलं नाही. आमच्यात विचारत नाहीत. न विचारण्यात किती माया असते हे मी आयुष्यभर समजत आले, आणि त्या सकाळी पहिल्यांदा मला त्या मायेचा राग आला.

माझ्या बापानं, मुखरूनं, दार ठरवून बंद केलं नव्हतं. त्या वर्षी धान इतकं पिकलं की ते ठेवायला घर पुरेना. अंगणातले बांबूचे ढोले भरले, माजघर भरलं, मग उरलेली पोती त्यानं मागच्या दाराशी रचली, आढ्यापर्यंत. बाप आनंदात होता. गाणं म्हणत पोती उचलत होता, मला त्यानं सगळ्यात वरच्या पोत्यावर बसवलं होतं; तिथून कौलांमधला कोळी अगदी जवळून दिसायचा. नव्या धानाचा वास, थोडा ओला, थोडा गोड, मला आजही आला की माझं तोंड कोरडं पडतं. बाप का चिडला ते मला आठवत नाही. आठवण्यासारखं कारण असायचं नाही. आई बायनाबाई तवा टाकून उठली आणि मागे धावली, नेहमीसारखी, न बघता, जशी आपण अंधारात आपल्या घरात चालतो. ती पोत्यांवर आदळली. तिनं हातांनी पोती ओढली. एक फाटलं आणि धान सूं सूं करत तिच्या पायांवर पडू लागलं. ती त्या धानात रुतत होती, आणि मागून बाप बैलगाडीच्या कडेचा दांडा, उभारी, घेऊन आला. मी वर बसले होते. मला आईचा भांग दिसत होता. उभारी भांगावर आली तेव्हा झालेला आवाज मोठा नव्हता, पिकलेलं बेलफळ दगडावर फोडल्यासारखा होता. धान लाल झालं नाही. ते रक्त पीत राहिलं. आई दिवस मावळायच्या आत गेली. गावानं ठरवलं की ती पोत्यांच्या राशीवरून पडली. सोमारी तिच्या सांदवाडीत कुंपणाच्या वाटेशी उभी होती, लोटा घेऊन. ती फार वेळ तशीच उभी होती. पुढे माझं लग्न झालं, मी चंद्रपूरला कारखान्याच्या क्वार्टरमध्ये आले, तेव्हा सगळ्यात आधी मागे जाऊन मी कडी काढून पाहिली होती. ती कडी मला पुढे पुष्कळदा लागली. माझा माणूसही आता गेला. ज्या फ्लॅटमध्ये मी म्हातारी झाले त्याला एकच दार आहे, आणि त्यातून मला कोणापासून पळायचं नाही, तरी लिफ्टचा आवाज आला की माझे तळपाय थंड पडतात.

नमुन्याचं घर बांधून होत आलं तेव्हा अश्वजित मला घेऊन गेला. मी माहेरची, माझं लोक ऐकतील असं त्याला वाटलं. उघड्या माळावर ते एकटं उभं होतं, राखेच्या विटांचं, पांढरं, पुढे मांडव टाकलेला. मांडवात पुरुष बसले होते आणि आत बाया घर पाहत होत्या. कोणी नळ सोडून पाहत होती, कोणी फरशीवर पाय घासून. सोमारीची सून आता माझ्यासारखीच पांढरी झालेली. ती म्हणाली, अशा फरशीवर सासू घसरली तर दवाखाना नको, थेट सरणावरच न्या. सगळ्या हसल्या. सरिता माझ्याजवळ येऊन पायाला लागली. "घर चांगलं हाये आत्या," ती म्हणाली, "थंड रायते म्हनते." ती बोलत होती समोर आणि डोळे मागच्या भिंतीवर फिरत होते. मी पाहिलं, सगळ्याच बायांचे फिरत होते. हळूहळू, कोणाला दिसू नये असे, जसा हरवलेला दागिना आपण पाहुण्यांसमोर शोधतो. कोपऱ्यात ओटा अर्धवट होता, तिथे मिस्त्रीचं घमेलं, थापी आणि लोखंडी पहार, सब्बल, पडलेली होती.

अश्वजित टॅबलेट घेऊन आत आला. बायांनीच सांगावं, त्यानं म्हटलं, काय बदलायचं ते; बोटानं भिंत सरकवा, मशीन लगेच हिशेब करून दाखवेल. बाया लाजल्या. मग सरितानं बोट ठेवलं. स्वयंपाकघराची भिंत तिनं थोडी ओढली, आणि पडद्यावर सगळं घर हललं, खोल्या सरकल्या, खाटेची खोली लहान झाली. बाया खळखळून हसल्या. बाहेर मांडवातून कोणी तरी ओरडलं, "मिथुनभाऊ, तुयं घर बायकोनं हालवलं ना बे." पुरुषही हसले.

मिथुन दारात आला. सकाळपासून प्यायलेला होता. तो चिडलेला दिसत नव्हता, हसरा दिसत होता, आणि ते हसू मी ओळखते. "घर माह्या नावानं हाये," तो म्हणाला, "तू कोन भिंत सरकवनारी?" त्यानं टॅबलेट अश्वजितच्या हातातून घेतला आणि सरिताच्या तोंडावर मारला. काच फुटली नाही, तिचा ओठ फुटला. आणि ती धावली. पुढे मिथुन होता, म्हणून मागे धावली, मान खाली घालून, हात पुढे करून, जशी रोज. ती भिंतीवर कपाळानं आदळली. ताज्या पांढऱ्या रंगावर तिचं तोंड उमटलं. तिचे हात कडी शोधत भिंतीवर वर-खाली फिरत होते, तळहात घासले जात होते, आणि बाहेर पुरुषांना वाटलं ती चक्कर येऊन पडली. कोणी पाणी द्या म्हणालं. मिथुननं सेंटरिंगची फळी उचलली. अश्वजितनं त्याला मागून कवेत आवळलं. मिथुननं कोपर हाणलं तसा तो उंबऱ्यावर पडला, चष्मा एकीकडे, आणि मांडवातल्या दोघांनी त्याला बाहेर ओढून घेतलं. "घरचा मामला हाये साहेब, तुमी नका पडू." फळी सरिताच्या पाठीवर बसली. दुसऱ्यांदा उठली तेव्हा बाया मध्ये आल्या होत्या. ओरडल्या नाहीत. नुसत्या तिच्याभोवती दाटल्या, पाठी बाहेर करून, आणि फळी ज्या पाठीवर येईल तिच्यावर पडू लागली. ओल्या कपड्यावर धोपटणं बसावं तसा आवाज येत होता.

मी सब्बल कशी उचलली मला आठवत नाही. ती माझ्या हातांना जड होती आणि पहिला घाव घसरला, नुसती रेघ उठली. दुसऱ्यानं ढलपी उडाली. माझ्या मनगटातून खांद्यापर्यंत कळ गेली, डोळ्यांपुढे धानाचं पोतं आलं, फाटलेलं, आणि मी घाव घालत राहिले, पोत्यात, भांगावर उतरणाऱ्या उभारीत, माझ्या क्वार्टरच्या कडीत, कशात ते मला ठाऊक नव्हतं. "सरक बाई," सोमारीची सून म्हणाली आणि तिनं सब्बल माझ्या हातातून घेतली. रोजगार हमीवर गिट्टी फोडलेले हात तिचे. तिनं जोड शोधला आणि सांध्यात टोक घुसवलं. एक वीट आत दबली. मग दुसऱ्या बायांनी नखांनी विटा ओढल्या. राख उडत होती, सगळ्यांचे केस पांढरे, तोंडं पांढरी, एकीच्या पाठीतून रक्त येत होतं आणि ती विटा ओढत होती. मिथुनचा हात मंदावला. त्याला कळेना की या बाया भिंत का मारतायत. "अबे, येड्या झाल्या का," तो म्हणाला. मांडवातले पुरुष उठून दारात आले. एका म्हाताऱ्यानं विचारलं, भिंत काऊन फोडता, सरकारची भिंत हाये. त्याची बायको विटा बाजूला रचत होती, ओळीनं, मोडू नयेत म्हणून. अश्वजित त्यांच्यामधून वाट काढून आत आला होता आणि माझ्याकडे पाहत होता. त्याच्या तोंडावर प्रश्न होता. मग त्यानं भोकाकडे पाहिलं, भिंतीवरच्या रक्ताच्या तोंडाकडे पाहिलं, आणि प्रश्न हळूहळू त्याच्या तोंडावरून उतरत गेला. मला त्याची दया आली. काही गोष्टी कळू नयेत अशा वयाचा तो मला वाटतो अजून.

भोकातून ऊन आत आलं. एक बाई वाकून जाईल एवढं झालं होतं. सोमारीच्या सुनेनं सब्बल खाली ठेवली आणि तोंड फिरवलं. मग सगळ्या बायांनी फिरवलं, एकेक करून. कोणी छताकडे पाहत होती, कोणी आपल्या नखांकडे. मीही भिंतीकडे पाठ केली. मागे विटा सरकल्याचा आवाज झाला, कापड कुठेतरी अडकून फाटलं, आणि पायांचा आवाज माळावर गेला. कुठल्या बाजूला गेला ते मी ऐकलं नाही. त्या उघड्या माळावर सोमारीची सांदवाडी नव्हती, काट्यांमधली वाट नव्हती, लोटा घेऊन उभं कोणी नव्हतं. मला ते सगळं माहीत होतं, आणि मी तरी वळले नाही.

बाया बाजूला झाल्या तेव्हा मिथुनला कोपरा रिकामा दिसला. फळी त्याच्या हातात होती. तो भोकाशी गेला, वाकला, पण त्यातून बाहेर डोकं काढलं नाही. बाईच्या वाटेनं पुरुष जात नाही, एवढं त्याच्याही हाडात होतं. तो वळला. आमच्याकडे पाहिलं, मग अश्वजितकडे, कारण तिथे तोंड न फिरवलेला तो एकटाच होता.

"साहेब," मिथुन म्हणाला, "तुमी पाह्यलं. कुठी गेली माही बायको?"

अश्वजितच्या भुवईतून रक्त येत होतं. त्यानं चष्म्याविना डोळे बारीक केले, मिथुनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही.

"कोन?" तो म्हणाला.